ग्रामीण शाळांतील शिकणे टिकवणारा कारभार कसा असतो?

प्रश्न : अक्षरवेध

नमस्कार,

ग्रामीण शाळांविषयी बोलताना आपण बहुधा इमारती, पटसंख्या, रिक्त पदे आणि योजना यांच्याविषयी बोलतो. शाळेत आलेले मूल खरोखर काय शिकले आणि शिकलेले पुढच्या इयत्तेपर्यंत टिकले का, हा प्रश्न त्या मानाने फार कमी वेळा विचारला जातो. जागतिक बँकेच्या २०२२ मधील अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर समजून वाचता न येणाऱ्या दहा वर्षे वयाच्या मुलांचे प्रमाण २०१९ मध्ये ५७ टक्के होते आणि महासाथीनंतर ते ७० टक्क्यांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. भारताच्या ग्रामीण भागापुरते पाहायचे तर ‘असर’ या घरोघरी जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के आढळली. घसरण भरून निघाली, हे समाधानाचे आहे. पण सहा वर्षांनी आपण जवळजवळ त्याच जागी उभे आहोत.

या क्षेत्रातील अनेक वृत्तान्त वाचताना एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. तळमळीचा एखादा अधिकारी येतो, वाचनाची मोहीम सुरू होते, शिक्षक मनापासून कामाला लागतात, वर्षभरात मुलांमध्ये फरक दिसतो. मग त्या अधिकाऱ्याची बदली होते, मोहिमेचे नाव बदलते, नवे तक्ते येतात आणि मुलांचे वाचन हळूहळू पूर्वपदावर येते. व्यक्तीच्या तळमळीवर उभे राहिलेले काम व्यक्तीबरोबर जाते, हे समजण्यासारखे आहे. पण मग टिकणारे काम कशावर उभे राहते? ‘सुशासन हवे’ एवढे उत्तर मला पुरत नाही, कारण त्या शब्दाखाली निधीच्या हिशेबापासून ग्रामसभेपर्यंत सर्वच येते. कारभारातील नेमकी कोणती गोष्ट वर्गातल्या मुलाच्या वाचनापर्यंत पोहोचते आणि कोणती वाटेतच थांबते, याविषयी जाणकारांनी शक्य तर पुराव्यासह लिहावे, ही विनंती.

उत्तर : नोंदवही

प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो नेमका विचारल्याबद्दल आपले आभार. आकड्यांत प्रथम एक भर घालतो. आपण दिलेले आकडे सरकारी आणि खासगी शाळांचे एकत्रित आहेत. केवळ सरकारी शाळांतील तिसरीची मुले पाहिली तर हेच प्रमाण २०१८ मध्ये २०.९, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते, म्हणजे तेथे साथीपूर्वीच्या पातळीच्या थोडे पुढे पाऊल पडले आहे. वाढ लहान आहे. परंतु २०२१ पासून पायाभूत वाचन आणि गणित हे एकच उद्दिष्ट देशभर सातत्याने समोर ठेवले गेले, त्याचा यात वाटा असावा असे मानायला जागा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते कारभाराची दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. जे शाळेसाठी मंजूर झाले ते शाळेपर्यंत पोहोचवणे, हे पहिले काम. पोहोचलेल्या साधनांतून शिकणे घडवणे, हे दुसरे. पहिल्या कामासाठी पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांचा उपयोग किती होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण युगांडाचे आहे. १९९१ ते १९९५ या काळात तेथील प्राथमिक शाळांना प्रतिविद्यार्थी मिळावयाच्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती आणि बहुसंख्य शाळांच्या हाती काहीच पडत नव्हते. हे पाहणीतून उघड झाल्यावर सरकारने जिल्ह्यांना दरमहा किती रक्कम दिली ते वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि शाळेला मिळालेली रक्कम शाळेच्या दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. २००१ पर्यंत शाळांपर्यंत पोहोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याच काळात तेथे निधिवाटपाच्या पद्धतीतही इतर सुधारणा झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय वर्तमानपत्राला देणे योग्य होणार नाही; तरीही आपल्याला किती मिळायला हवे होते हे मुख्याध्यापक आणि पालक यांना समजल्यावर मधल्या टप्प्यावर पैसे अडवणे कठीण होते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते.

शिक्षकांच्या उपस्थितीबाबतही असेच म्हणता येते. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांमध्ये २००३ पासून शिक्षकांनी मुलांसह दिवसातून दोनदा तारीख-वेळ उमटणारे छायाचित्र काढायचे आणि पगार त्या नोंदीवर अवलंबून ठेवायचा, असा प्रयोग झाला. अनुपस्थिती ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या चाचणीतील गुणही सुधारले. नियम साधा होता, सर्वांना सारखा लागू होता आणि त्याची अंमलबजावणी खरोखर होत होती, हे तिन्ही मुद्दे मला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

उत्तर : पायवाट

नोंदवही यांनी केलेला भेद मला मान्य आहे, पण त्यांची दोन्ही उदाहरणे पहिल्याच कामाची आहेत. अक्षरवेध यांचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या कामाविषयी आहे आणि तेथे अनुभव बराच कठोर आहे. शाळा-पर्यवेक्षणाच्या कामाशी माझा जवळचा संबंध असल्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिते.

मध्य प्रदेशात २०१४ पासून शाळांच्या कारभारात सुधारणा करणारा ‘शाला सिद्धि’ हा कार्यक्रम राबवला गेला. कागदावर त्यात काहीच कमी नव्हते. प्रत्येक शाळेचे अनेक निकषांवर सविस्तर मूल्यमापन, त्यातून त्या शाळेपुरता सुधारणा आराखडा, तो आराखडा पुढे नेण्यासाठी वरच्या अधिकाऱ्यांच्या नियमित भेटी, अशी त्याची रचना होती. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा काळजीपूर्वक अभ्यास केला. मूल्यमापने झाली, आराखडे तयार झाले. पण शिक्षकांच्या अध्यापनात, त्यांच्या उपस्थितीत आणि मुलांच्या शिकण्यात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. तरीही तो कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि त्याचेच रूप पुढे देशातील सहा लाखांहून अधिक शाळांसाठी स्वीकारले गेले, कारण यंत्रणा जे मोजत होती ते म्हणजे भरलेले तक्ते आणि जमा झालेले आराखडे, आणि ते सर्व वेळेवर पूर्ण झाले होते. मला या उदाहरणाचे दुःख वाटते, कारण त्यात कोणाचा आळस किंवा अप्रामाणिकपणा मुख्य नाही. सांगितलेले काम शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी केले. सांगितलेल्या कामात मुलाला वाचायला शिकवणे कोठेच नव्हते.

याच्या शेजारी हरियाणाचा अनुभव ठेवून पाहावा. शाळेतील मुलांची इयत्ता बाजूला ठेवून त्यांच्या प्रत्यक्ष वाचनाच्या पातळीनुसार गट करायचे आणि त्या पातळीपासून शिकवायचे, ही ‘प्रथम’ या संस्थेने विकसित केलेली पद्धत आता बरीच परिचित आहे. बिहार आणि उत्तराखंड येथे सरकारी शिक्षकांना या पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, तरी नियमित शालेय वर्षात त्याचा शिकण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बिहारमधील त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत ही पद्धत वापरली तेव्हा मुले पुढे गेली. म्हणजे शिक्षकांना ती पद्धत येत होती. शालेय वर्षात तिला जागा नव्हती, कारण अभ्यासक्रम पूर्ण करणे हेच त्यांचे अधिकृत काम होते आणि तेच तपासले जात होते. हरियाणात २०१२-१३ मध्ये प्रशासनाने दोन गोष्टी बदलल्या. शालेय दिवसात एक तास वाढवून तो केवळ या कामासाठी राखून ठेवला. आणि शाळाभेटी देणाऱ्या समन्वयकांना आधी स्वतः काही दिवस वर्ग घ्यायला लावले, मग त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि नंतर शाळांमध्ये जाऊन तोच तास पाहिला. मुलांचे हिंदी वाचन सुधारले.

मधल्या फळीतील अधिकाऱ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन हा मला या सगळ्याचा गाभा वाटतो. आपल्याकडचा केंद्रप्रमुख असो किंवा अन्य देशांतला त्याच दर्जाचा अधिकारी असो, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा माहिती गोळा करणे, पत्रे पोहोचवणे आणि बैठकांना हजर राहणे एवढेच येते. तो शाळेत गेला तरी शेरेपुस्तकात स्वच्छता, आहार, हजेरीपट आणि दप्तर यांविषयी चार ओळी लिहून परततो. शिक्षकाच्या दृष्टीने ती तपासणी असते. तपासणी संपेपर्यंत सर्व नीटनेटके ठेवायचे आणि नंतर आपल्या कामाला लागायचे, हे तो लवकर शिकतो. याउलट तो अधिकारी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहू लागला, तीन-चार मुलांना जवळ बोलावून त्यांच्याकडून वाचून घेऊ लागला आणि तास संपल्यावर शिक्षकाशी केवळ त्या वाचनाविषयी बोलू लागला, तर त्या भेटीचा अर्थच बदलतो.

केनियाने हे राष्ट्रीय पातळीवर करून पाहिले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘तुसोमे’ या वाचन कार्यक्रमात सुमारे २३,००० शाळांमध्ये पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाला स्वतःचे पुस्तक आणि प्रत्येक शिक्षकाला दिवसवार पाठांची मार्गदर्शिका मिळाली. ही साधने इतरत्रही दिली जातात. वेगळेपण होते ते अधिकाऱ्यांच्या कामात. आधीपासून पदावर असलेल्या अधिकाऱ्यांना टॅब्लेट दिले गेले. त्यांनी वर्ग पाहायचा, यादृच्छिकपणे निवडलेल्या काही मुलांचे वाचन ऐकायचे, त्याची नोंद करायची आणि शिक्षकाला त्याच दिवशी सूचना द्यायच्या, असे ठरले. प्रवासखर्च प्रत्यक्ष झालेल्या भेटींच्या नोंदीशी जोडला गेला. ग्रामीण भागात हा शेवटचा तपशील फार मोलाचा आहे. दूरच्या वाडीवरच्या शाळेत जायला वाहन नाही, खर्चाची भरपाई महिनोन्महिने मिळत नाही, म्हणून अधिकारी रस्त्यालगतच्या शाळांनाच भेटी देतात, हे जगभर घडते. आणि ज्या शाळेला मदतीची सर्वाधिक गरज आहे तीच त्यामुळे वगळली जाते.

म्हणून माझे उत्तर असे आहे : कारभार शिकण्यापर्यंत पोहोचतो तो वर्गात नियमित येणाऱ्या, शिकवणे जाणणाऱ्या आणि मुलांचे वाचन ऐकणाऱ्या माणसाच्या रूपाने. आराखडे, अहवाल आणि संकेतस्थळे त्या माणसाच्या हाताशी असतील तर उपयोगी पडतात. त्याला वगळून ती कितीही चांगली केली, तरी मुलाला त्यांचा पत्ता लागत नाही.

उत्तर : उंबरठा

पायवाट यांचे लेखन मी दोनदा वाचले. त्यांच्या मांडणीत गाव फारसे दिसत नाही, म्हणून त्या बाजूविषयी लिहितो. अधिकारी बदलतात, शिक्षक बदलतात. पालक मात्र तेथेच राहतात. टिकाऊपणाचा विचार करताना त्यांना वगळून चालणार नाही.

अर्थात समिती स्थापन केली म्हणजे सहभाग झाला, असे होत नाही. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद केली. शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारीही समितीकडे दिली. तरतूद उत्तम आहे. परंतु त्याआधीच्या ग्राम शिक्षण समित्यांबाबत उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झालेला अभ्यास सावध करणारा आहे. बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचीही कल्पना नव्हती. गावोगावी सभा घेऊन लोकांना समितीचे अधिकार समजावून सांगितले गेले, मुलांच्या वाचनाची चाचणी घेऊन तिचे निष्कर्षही गावासमोर ठेवले गेले. तरी ना पालकांचा सहभाग वाढला, ना शाळेतील शिकणे सुधारले. ज्या गावांमध्ये तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग कसे घ्यायचे हे शिकवले गेले, तेथे मात्र अनेक जण पुढे आले आणि त्या वर्गांना जाणारी मुले वाचू लागली. लोकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नव्हती, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. शाळेवर दबाव आणण्याचा अवघड, बेभरवशाचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. मुलाला थेट शिकवण्याचा, फळ दिसणारा मार्ग स्वीकारला.

इंडोनेशियातील मध्य जावा आणि योग्यकर्ता येथील प्रयोगाने यापुढची गोष्ट दाखवली. तेथे शाळा समित्यांना अनुदान, प्रशिक्षण, सदस्यांची निवडणूक आणि ग्रामपरिषदेशी जोडणी, असे चार निरनिराळे उपाय वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून तपासले गेले. केवळ अनुदान आणि प्रशिक्षण यांनी शिकण्यावर विशेष परिणाम झाला नाही. समितीने ग्रामपरिषदेबरोबर बसून संयुक्त नियोजन केले तेथे, विशेषतः सदस्य निवडून आलेले होते तेथे, मुलांचे भाषेतील गुण वाढले. याचे कारण मला सरळ वाटते. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ज्यांच्या हाती थोडाफार निधी आहे, असे लोक शाळेच्या कामात बांधले गेले. गरीब पालकाने शिक्षकाला प्रश्न विचारणे आणि निवडून आलेल्या संस्थेने तोच प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेणे, यांत फार अंतर आहे.

शिक्षकांविषयी एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे, कारण गावाच्या रोषाचा रोख बहुधा त्यांच्याकडे असतो. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतील ६१९ शाळांची पाहणी केली, तेव्हा कोणतेही कारण न देता गैरहजर असलेले शिक्षक अडीच टक्क्यांच्या आसपास होते. शाळेत नसलेले बाकीचे बहुतेक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा अन्य शासकीय कामावर गेलेले होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई करते. प्रत्यक्षात माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणाची कामे येतच राहतात. भारतात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शाळेतला शिक्षक एका दिवसासाठी बैठकीला बोलावला गेला की त्या दिवशी ती शाळा बंद पडल्यासारखीच असते. उत्तरदायित्वाची चर्चा करताना शिक्षकाला वर्गाबाहेर कोण नेते, याचे उत्तर यंत्रणेनेही दिले पाहिजे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अक्षरवेध

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पायवाट यांनी सांगितलेला मध्य प्रदेश आणि हरियाणा यांच्यातील फरक माझ्यासाठी या चर्चेतील सर्वांत उपयुक्त भाग ठरला. तरी एक शंका उरते. हरियाणातील वाढीव तास हादेखील एखाद्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने सुरू झाला आणि तसाच निर्णयाने बंदही होऊ शकतो. वर्गापर्यंत पोहोचणे ही एक पायरी झाली. पण एका कारकिर्दीच्या पलीकडे टिकणे ही वेगळी पायरी आहे. जेथे नेतृत्व बदलले, पक्ष बदलले, तरी ग्रामीण मुलांचे शिकणे दहा-पंधरा वर्षे चढतेच राहिले, असे उदाहरण कोणाला ठाऊक आहे का? आणि तेथे काय वेगळे केले गेले?

उत्तर : दीर्घसूत्र

असे एक उदाहरण ब्राझीलच्या ईशान्य भागातील सियारा राज्यात आहे. देशातील गरीब राज्यांमध्ये त्याची गणना होते, म्हणून ते अधिक शिकवणारे आहे. तेथील सोब्राल या नगरपालिका-क्षेत्रात शहराबरोबर विस्तृत ग्रामीण भागही येतो. २००० च्या सुमारास चाचणी घेतली तेव्हा प्राथमिकच्या सुरुवातीच्या इयत्ता पार केलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना वाचता येत नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय गुणवत्ता निर्देशांकात हे क्षेत्र देशातील साडेपाच हजारांहून अधिक नगरपालिकांमध्ये १,३६६ व्या क्रमांकावर होते. २०१७ मध्ये प्राथमिक आणि उच्च प्राथमिक या दोन्ही स्तरांवर ते पहिले आले.

तेथे जे केले गेले त्यातील पहिली गोष्ट राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड होती. मुख्याध्यापकपद तोवर नगरसेवकांच्या आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या शिफारशीने मिळत असे. ते बंद करून परीक्षा, मुलाखत आणि पात्रता यांवर निवड सुरू झाली. ज्याची नेमणूक शिफारशीने झाली तो शिफारस करणाऱ्याला उत्तर देतो. ज्याची नेमणूक पात्रतेवर झाली त्याच्याकडूनच मुलांच्या शिकण्याचे उत्तर मागता येते. दुसरी गोष्ट म्हणजे उद्दिष्ट एकच आणि सर्वांना समजेल असे ठेवले : सुरुवातीच्या इयत्तेतच प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे. प्रत्येक मुलाचे वाचन शाळेबाहेरच्या व्यक्तींकडून ठरावीक काळाने ऐकले जाऊ लागले आणि त्याचे निष्कर्ष शाळेला लगेच मिळू लागले, त्यामुळे मागे पडलेले मूल वर्ष संपण्यापूर्वी लक्षात येत असे. शिक्षकांचे प्रशिक्षण दरमहा आणि वर्गात पुढच्या काळात जे शिकवायचे आहे त्याच्याशी बांधलेले होते. मुख्याध्यापकांना शाळेच्या खर्चाचे काही अधिकार मिळाले. फार लहान ग्रामीण शाळा एकत्र करून मुलांच्या प्रवासाची व्यवस्था करण्यात आली. हा भाग इतरत्र जसाच्या तसा उचलू नये असे मला वाटते, कारण वाहतुकीची खात्री नसेल तर शाळा एकत्र करण्याचा अर्थ लहान मुलींची शाळा सुटणे असाच होतो.

आपल्या शंकेचे खरे उत्तर पुढच्या टप्प्यात आहे. सोब्रालचे माजी महापौर सिद गोमेस २००७ मध्ये सियारा राज्याचे राज्यपाल, म्हणजे तेथील निवडून आलेले शासनप्रमुख, झाले. आपला जुना उपक्रम राज्यभर ‘मोहीम’ म्हणून चालवण्यावर ते थांबले नाहीत. १८४ नगरपालिकांना पुस्तके, प्रशिक्षण आणि चाचण्या यांचा आधार देणारा साक्षरता कार्यक्रम त्यांनी सुरू केला आणि त्याबरोबरच कायद्याने निधिवाटपाचे सूत्र बदलले. विक्रीकरासारख्या राज्यकरातील जो हिस्सा नगरपालिकांना मिळतो, त्यातील १८ टक्के वाटप शैक्षणिक निकालांच्या निर्देशांकावर ठरू लागले. पाच टक्के आरोग्यावर आणि दोन टक्के पर्यावरणावर होते. यावरून शिक्षणाला दिलेले वजन लक्षात येईल. परिणाम असा की, महापौर कोणत्याही पक्षाचा असो, शाळांमधील वाचनाकडे दुर्लक्ष केले तर त्याच्या रस्त्यांसाठीचे आणि पाण्यासाठीचेही पैसे कमी होणार होते. शिक्षण हा शिक्षण विभागापुरता विषय राहिला नाही.

पैशाची अशी जोडणी धोक्याचीही असते, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. निकालाशी निधी जोडला की निकाल फुगवण्याचा मोह होतो आणि मुळात मागे असलेल्या गावाला आणखी कमी मिळण्याची भीती असते. सियारामध्ये चाचण्या राज्याकडून घेतल्या जात होत्या, नगरपालिकांकडून नव्हे; आणि निर्देशांकात पातळीबरोबर सुधारणेलाही गुण होते, म्हणून तळाच्या नगरपालिकेलाही वर चढण्यात लाभ होता. शिवाय मदत आधी आणि जाब नंतर, असा क्रम होता. हा क्रम उलटला तर सूत्र तेच राहूनही निकाल वेगळा लागेल, अशी माझी समजूत आहे.

टिकण्याच्या विरुद्ध बाजूची दोन उदाहरणेही पाहावीत. एल साल्वादोरमध्ये यादवी युद्धाच्या अखेरीस, १९९१ मध्ये, ग्रामीण पालकांच्या संघटनांनीच शिक्षक नेमायचे अशी ‘एदुको’ ही व्यवस्था सुरू झाली. जेथे सरकारी शाळा पोहोचल्या नव्हत्या तेथे तिच्यामुळे शाळा उभ्या राहिल्या, हे तिचे मोठे काम. पण शिक्षकांच्या नेमणुका वर्षा-वर्षाच्या होत्या, शिक्षक संघटनांना ती मान्य नव्हती आणि २००९ मध्ये सरकार बदलल्यानंतर ती गुंडाळली गेली. केनियातही वाचनकार्यक्रमापूर्वी, २०१० मध्ये, अतिरिक्त कंत्राटी शिक्षक नेमण्याचा प्रयोग झाला. स्वयंसेवी संस्थेने राबवला तेथे मुलांचे गुण वाढले. तोच प्रयोग सरकारी यंत्रणेने राबवला तेथे काहीच फरक पडला नाही. देखरेख ढिली होती, पगार उशिरा होत होते आणि या शिक्षकांना कायम करण्याच्या मागणीवरून संघर्ष उभा राहिला होता. ज्यांच्या हातून काम व्हायचे आहे त्या शिक्षकांच्या मान्यतेशिवाय उभारलेली व्यवस्था लहान प्रयोगात चालते, पण मोठ्या यंत्रणेत ती टिकत नाही, असे मला या दोन्हींतून दिसते. सोब्रालमध्ये शिक्षकांवरची अपेक्षा मोठी होती, पण त्यांना दरमहा मिळणारी मदतही खरी होती.

उत्तर : पायवाट

दीर्घसूत्र यांच्या उत्तरामुळे माझ्या मांडणीतील उणी बाजू भरून निघाली. त्यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, ज्यांच्या हाती राज्याचा कायदा किंवा करवाटपाचे सूत्र नाही अशा तालुका-जिल्हा स्तरावरील लोकांना काय करता येईल, एवढेच लिहिते.

पर्यवेक्षक अधिकाऱ्याच्या महिन्याच्या कामाचे लेखी वाटप बदलता येते. किती दिवस वर्गात जायचे, ते दिवस बैठकांना वापरायचे नाहीत आणि दूरच्या शाळांना आधी भेट द्यायची, हे कार्यालयीन आदेशात लिहिलेले असले तर पुढच्या अधिकाऱ्याला ते मोडण्यासाठी निदान नवा आदेश काढावा लागतो. शाळाभेटीच्या नमुन्यात पहिली नोंद ‘कोणत्या मुलांचे वाचन ऐकले आणि ती कोठे अडखळली’ अशी ठेवता येते. बाकीचे रकाने त्यानंतर. शिक्षकांची मासिक सभा परिपत्रके वाचण्याऐवजी या नोंदींवर घेता येते. मुलाची वाचनपातळी त्याच्या नोंदपत्रात लिहून ते पत्र पुढच्या वर्गशिक्षकाकडे जूनमध्येच सोपवता येते, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी मुलाविषयीचे ज्ञान शाळेतच राहते. याला वेगळा निधी लागत नाही. हेच नोंदपत्र व्यवस्थापन समितीच्या पहिल्या सभेत पालकाला वाचून दाखवले, तर उंबरठा यांनी म्हटल्याप्रमाणे त्याच्या प्रश्नाला वजन मिळण्याची सुरुवात होऊ शकते; कारण ‘शाळा कशी चालली आहे’ या मोघम प्रश्नापेक्षा ‘माझी मुलगी जोडाक्षरांशी थांबली आहे, तिच्यासाठी या महिन्यात काय करणार आहात’ हा प्रश्न विचारणे कोणत्याही पालकाला अधिक सोपे आहे आणि त्याचे उत्तर देणे शिक्षकालाही शक्य आहे.

अक्षरवेध यांनी शक्य असल्यास आपण कोणत्या स्तरावरच्या व्यवस्थेचा विचार करत आहात ते कळवावे. शाळाभेटीच्या नमुन्याचा एक कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. तो येथे टाकल्यास नोंदवही आणि दीर्घसूत्र यांनी त्यावर सूचना द्याव्यात, असे मला मनापासून वाटते.